लाखांचं मशीन घेता, मग डिझेल तोंडाने का ओढता?



मागच्या महिन्यात करमाळ्याच्या बॅचमध्ये मी एक साधा प्रश्न विचारला. समोर बावीस जण होते. त्यातल्या नऊ जणांकडे स्वतःचा ट्रॅक्टर, जेसीबी नाहीतर मंडपवाल्यांचा असतो तसला मोठा जनरेटर. मी विचारलं, "बॅरलमधून टाकीत डिझेल कसं टाकता?" सहा जण नुसते हसले. उत्तर मिळालं. नळी घालायची, तोंडाने ओढायची, डिझेल जिभेला लागलं की थुंकायचं आणि नळी टाकीत सोडायची.

यातल्या एकाने ट्रॅक्टरला नऊ लाख मोजलेत. त्याच्या फायनान्सच्या हप्त्याची तारीख त्याला झोपेतही सांगता येते. पण रोज त्या ट्रॅक्टरच्या पोटात किती लिटर जातं, हे त्याला सांगता आलं नाही. म्हणाला, "अंदाजे चाळीस."

आज माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं नाही तर भांडा. ज्याचा धंदा डिझेलवर चालतो त्याने मशीनच्या कोटेशनमध्येच बॅरलचा हातपंप धरला पाहिजे. मशीन आल्यानंतर "बघू पुढे" नाही, आधी. आणि तो पंप फक्त स्वतःचं डिझेल स्वतःच्या मशीनमध्ये टाकायला. गावात डिझेल विकायला नाही. हे दुसरं वाक्य का लिहावं लागतंय ते पुढे येईलच, त्यात माझीही चूक आहे.

आणि हो, हा पंप मी माझ्या दुकानात विकतो. तेव्हा माझं मत जरा तपासूनच घ्या. पंप कुठूनही घेतलात तरी चालेल.

आता आधी माझी लाज सांगतो. २०१९ चा उन्हाळा. दुकानात रॅकवर हातपंप मांडलेले, खोके न फोडलेले. मागे गोडाऊनमध्ये आमचा जनरेटर, शेजारी डिझेलचं बॅरल. दुपारी लाइट गेली, समोर गिऱ्हाईक, मी ओरडलो, "अरे, जरा डिझेल टाक रे पटकन." दुकानातल्या मुलाने नेहमीसारखी नळी ओढली. त्या दिवशी घोट मोठा आला आणि त्याच वेळी त्याला ठसका लागला. डिझेल पोटात कमी, श्वासनळीत जास्त गेलं. तासाभरात त्याचा खोकला थांबेना, संध्याकाळी ताप आला. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसाला सूज आहे. चार दिवस दवाखान्यात. त्याची आई पायरीवर बसून होती आणि तिच्यासमोर मला धड बोलता येत नव्हतं. बिल मी भरलं, पण बिलाचा विषयच नाही. रॅकवर पंप होता आणि मी खोका फोडला नाही, कारण "फोडला की विकता येत नाही". बीबीए करून हे गणित केलं मी!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कुणी डिझेल किंवा पेट्रोल गिळलं तर घरचे पहिला उपाय करतात तो मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा. ते करायचं नाही. वर येताना तेच इंधन पुन्हा फुफ्फुसात उतरू शकतं. सरळ दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या दिवशी खोका फोडला. तो पंप आजही गोडाऊनमध्ये आहे.

बरं, तब्येतीचं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन परत नळीच ओढतात. म्हणून आता पैशाचं सांगतो.

नळीने डिझेल काढताना मोजमाप नसतं. टाकी भरली की नळी उचलायची, तोपर्यंत थोडं सांडलेलं असतं, नळीत राहिलेलं मातीत जातं. आणि ड्रायव्हरने किती काढलं हे फक्त ड्रायव्हरला माहीत. मी सगळ्या ड्रायव्हरांना चोर म्हणत नाही. मोजमापच नसेल तर प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा दाखवता येत नाही, हा मुद्दा आहे. सांडणं, गळणं, इकडेतिकडे जाणं असं सगळं मिळून दिवसाला दोनच लिटर धरा. डिझेल ९० रुपये धरलं तर १८० रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस काम, म्हणजे ४,५०० रुपये. साधा रोटरी हातपंप दोन-तीन हजारांत येतो. मला सांगा, कुठलं मशीन एका महिन्यात स्वतःची किंमत वसूल करतं?

रोटरी पंप म्हणजे काय ते न पाहिलेल्यांसाठी. बॅरलच्या वरच्या झाकणाला दोन बुचं असतात, एक मोठं दोन इंची, एक छोटं पाऊण इंची. मोठ्या बुचाच्या जागी पंप आट्यांवर बसतो. खाली बॅरलमध्ये सक्शन पाइप जातो, बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांत असतो, तो जोडायचा. वर हँडल. गोल फिरवलं की आतली पाती डिझेल वर खेचतात आणि बाजूच्या तोंडातून बाहेर सोडतात. दुसरा प्रकार दांडा वर-खाली करायचा, पिस्टनचा. तो स्वस्त पडतो, पण धक्क्याधक्क्याने डिझेल येतं आणि माणूस लवकर दमतो. रोजच्या वापराला रोटरीच घ्या.

माझ्या गोडाऊनमधला पंप एका फेऱ्याला साधारण पाव लिटर देतो. म्हणजे चार फेऱ्यांना लिटर. चाळीस लिटरच्या टाकीला १६० फेरे, आरामात फिरवलं तरी चार मिनिटं. पण तुमचा पंप किती देतो हे खोक्यावर वाचू नका, मोजा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप घ्या, वीस फेरे मारा, किती भरलं बघा आणि तो आकडा ऑइल पेंटने पंपाच्या अंगावरच लिहून ठेवा. दर महिन्याला परत मोजा. पाती झिजली की फेरा हलका होतो. मग ड्रायव्हर १६० फेरे मारतो आणि तुमच्या टाकीत ३६ लिटरच जातात.

फेऱ्यांबरोबर काठीही पाहिजे. उभ्या बॅरलमध्ये एका सेंटीमीटर उंचीला अडीच लिटरच्या आसपास डिझेल बसतं. पण तुमचं बॅरल चेपलेलं असेल, जुनं असेल, तर हा आकडाही स्वतः काढायचा. रिकाम्या बॅरलमध्ये शिक्क्याच्या मापाने दहा-दहा लिटर ओतत जा, प्रत्येक वेळी कोरडी काठी घालून ओल जिथे संपते तिथे खूण करा. वीस खुणा झाल्या की बॅरल भरलं. एक दुपार जाते या कामात, पण पुन्हा करावं लागत नाही. मग सकाळी काठी, संध्याकाळी काठी आणि मधे फेरे. तिन्ही आकडे वहीत. काठीला एक-दोन लिटरचा फरक कळत नाही, तो फेऱ्यांत कळतो. पाच लिटर गेले की काठीवर दोन सेंटीमीटर दिसतात, ते लपत नाहीत. वही ड्रायव्हरच्याच हातात द्या, सही त्याचीच घ्या. मालकाने लपून मोजलं की भांडण होतं, ड्रायव्हरने मोजलं की हिशोब होतो.

आता पंप वापरताना लोक कुठे चुकतात ते सांगतो, कारण दुकानात परत आलेल्या दहा पंपांतले आठ चांगले असतात.

पहिली तक्रार, "पंप ओढतच नाही." छोटं बूच उघडलंय का ते बघा. बॅरलमध्ये हवा शिरायला वाट नसेल तर डिझेल बाहेर कसं येणार? काम झालं की तेच बूच घट्ट लावायचं, नाहीतर धूळ आणि दमट हवा आत जाते. दुसरी तक्रार, "नुसती हवा येते." सक्शन पाइपच्या जोडांना टेफ्लॉन टेप मारलेली नसते, तिथून पंप हवा पितो. नवा कोरडा पंप असेल तर पहिल्यांदा त्यात वरून अर्धा कप डिझेल ओता, पाती ओली झाली की पकडतो.

तिसरी चूक महागात पडते. सक्शन पाइप अगदी तळाला टेकवतात, शेवटचा थेंबही निघावा म्हणून. तळाशी काय असतं? पाणी. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी आणि गाळ खाली बसतो आणि तुम्ही तोच पहिल्यांदा मशीनला पाजता. आजच्या इंजिनांचे इंजेक्टर आणि त्यांचा पंप दुरुस्तीला काढला की बिल बघून माणूस खाली बसतो. पाइप तळापासून दोन इंच वर ठेवा. खालचं उरलेलं वेगळ्या भांड्यात काढा, बसू द्या.

हे पाणी येतं कुठून? आपणच घालतो. उघड्यावर उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री गार होऊन आत हवा ओढतं आणि बुचाच्या आट्यांतून झाकणावरचं पाणी आत जातं. बॅरल छपराखाली ठेवा. बाहेर ठेवणं भागच असेल तर आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका सरळ आडव्या रेषेत येतील असं, म्हणजे बुचं आतून डिझेलमध्ये बुडालेली राहतात. आणि काठोकाठ भरू नका. तापमान दहा अंशांनी वाढलं तर २०० लिटर डिझेल दीड लिटरने फुगतं, त्याला जागा लागते. सोलापूर जिल्ह्याचा एप्रिल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

चौथी गोष्ट पिकअपवाल्यांसाठी. बॅरल गाडीवर, वर. ट्रॅक्टर खाली. हँडल थांबवलं तरी काही पंपांतून डिझेल नळीच्या गतीने आपोआप उतरत राहतं. माणूस चहाला जातो, परत येतो तर ढेकूळ भिजलेलं. फेरे संपले की नोझल उचलून बॅरलच्या वरच्या पातळीला अडकवायचं, एवढंच.

बरेच जण विचारतात, मोटरचा पंप का नको? घ्या ना. तुमचं रोज बॅरलभर डिझेल जात असेल, दोन-तीन मशीनं असतील, तर डिझेलसाठीच बनवलेला बॅटरीवरचा पंप घ्या, माणसाचा वेळ वाचतो. पण सुरुवातीच्या वर्षात मी हातपंपच सांगेन. बॅटरी नको, वायर नको, ठिणगी नको, शेतात बिघडला तर पान्याने उघडतो. आणि मोटर विसरून चालू राहू शकते, हात विसरून चालू राहत नाही. विहिरीतल्या पाण्याची जुनी मोटर जोडून डिझेल खेचणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल लिहीत बसत नाही.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो.

तीन आठवड्यांपूर्वी एका मुलाचा फोन आला. वय असेल बावीस-तेवीस. "दादा, तुमच्या दुकानातनं पंप नेला होता, हवा ओढतोय." मी छोट्या बुचाचं सांगितलं, टेपचं सांगितलं. चालू झाला. मग सहज विचारलं, ट्रॅक्टर कुठला आहे? म्हणाला, ट्रॅक्टर चुलत्याचा आहे, हा पंप धंद्याला घेतलाय. गावाजवळ पेट्रोल पंप नाही, सगळ्यात जवळचा अठरा किलोमीटर. याने एक बॅरल डिझेल आणि कॅनमधून सत्तरेक लिटर पेट्रोल आणून ठेवलेलं, लिटरमागे पाच रुपये सुटतात. ठेवलंय कुठे? घराच्या पडवीत. आणि पलीकडे काय आहे? "चूल आहे, पण लांब आहे, दादा."

मी विचारलं, ही कल्पना कुणाची? तो म्हणाला, "तुमचीच की. तुमच्या व्हिडिओत सातव्या नंबरला होती."

खरं होतं. कमी भांडवलातल्या दहा व्यवसायांचा एक जुना व्हिडिओ होता माझा. त्यात मी घाईघाईत अर्धा मिनिट हे बोललो होतो, कायदा न बघता. पुढे एकाने लक्षात आणून दिल्यावर तो व्हिडिओ काढला. पण काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत राहतो, आणि "मी चुकलो" असं सांगणारा व्हिडिओ मी कधी केलाच नाही. आज लिहितोय.

तर नीट ऐका. १९३४ चा पेट्रोलियम कायदा इंधनाचे वर्ग करतो, ते कुठल्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सोडतं यावर. पेट्रोल पहिल्या, सगळ्यात धोक्याच्या वर्गात. डिझेल दुसऱ्या वर्गात. डिझेल एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर या कायद्याखाली साठवणुकीचा परवाना लागत नाही. म्हणून तुमच्या ट्रॅक्टरसाठीचं एक-दोन बॅरल डिझेल या मर्यादेत बसतं. पेट्रोलची सूट मात्र फक्त ३० लिटरची, तीही विक्रीसाठी नसेल तरच, आणि घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. म्हणजे पेट्रोलच्या बॅरलला कुठला पंप लावू, हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. बॅरलच ठेवायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. चूल लांब आहे की जवळ, हे ती विचारत नाही.

आणि साठवणं वेगळं, विकणं वेगळं. पेट्रोल-डिझेलच्या विक्रीवर जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा २००५ चा केंद्राचा आदेश आहे. डीलर नसताना विकलं तर त्या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. पाच रुपये लिटरसाठी! शिवाय हातपंपाच्या फेऱ्यांनी मोजून गिऱ्हाइकाला देणं वैधमापन कायद्यातही बसत नाही. फेऱ्यांचा हिशोब तुमच्या घरच्या वहीसाठी आहे, व्यापारासाठी नाही.

"पण गावाची गरज आहे ना, दादा," तो म्हणाला. आहे, मान्य. गरज खरी आहे म्हणूनच तर रीतसर वाट निघाली. २०१८ मध्ये पुण्यात इंडियन ऑइलने घरपोच डिझेलची सुरुवात केली, परवानगी असलेल्या टँकरवर मीटर लावून. त्यात भांडवल लागतं, परवाने लागतात, दोन बॅरल आणि एका हँडलचा तो धंदा नाही. स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेचं केंद्राचं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्याच नागपुरात आहे. ज्याला खरंच यात उतरायचंय त्याने आधी त्यांचे नियम वाचावेत, माझे व्हिडिओ नंतर.

स्वतःपुरतं डिझेल ठेवणाऱ्यांनीही दोन कामं करा. बॅरल भरण्याआधी पंपचालकाशी बोला, कशात देतात आणि काय कागद लागतो ते विचारा. आणि दुकानाचा किंवा गोडाऊनचा आगीचा विमा असेल तर तिथे डिझेल ठेवतो हे विमा कंपनीला लेखी कळवा. लपवलेलं बॅरल क्लेमच्या वेळी बरोबर सापडतं.

त्या मुलाला मी रागावू शकलो नाही, तोंडच नव्हतं. आईने बचत गटातून काढलेले पैसे होते. त्याच संध्याकाळी त्याने पेट्रोल पडवीतून हलवलं आणि भावकीतल्या मोटारसायकलींना फुकट वाटून संपवलं. त्याचा तोटा झाला, मी पंपाचे पैसे परत देतो म्हणालो. त्याने घेतले नाहीत. पंप चुलत्याच्या ट्रॅक्टरला लावलाय, डिझेलचं बॅरलही चुलत्यानेच घेतलं, खरेदीच्या भावात. वही हा लिहितो. पहिल्याच आठवड्यात चुलत्याला कळलं की रोटाव्हेटर मारताना एकराला किती डिझेल लागतं आणि आपण भाडं कितीने कमी लावत होतो. आता दोघं मिळून भाड्याचा नवा दर ठरवतायत, आणि पोराला त्यात हिस्सा हवाय. चुलते अजून हो म्हणाले नाहीत.

रविवारी तो दुकानात येतोय, काठी घेऊन. खुणा अंदाजाने केल्यात म्हणाला. शिक्क्याचं माप मी काढून ठेवलंय.